मामाजींचा इंग्लिश कलर

आमच्या दुकानात रंगांच्या दोनच जाती आहेत, भडक आणि इंग्लिश. राणी, पोपटी, हळदी, गाजरी, मोरपंखी ही सगळी भडक मंडळी. राखेचा, मातीचा, चिकूचा, बिस्किटाचा, जास्त दूध पडलेल्या चहाचा रंग असेल तर तो इंग्लिश. हे नाव कुणी पाडलं माहीत नाही, पण अमरावतीच्या ठोक व्यापाऱ्यापासून खेड्यावरून आलेल्या म्हातारीपर्यंत सगळे तेच वापरतात. इंग्रज देश सोडून गेले, आमच्या फळ्यांवरून मात्र अजून उतरलेले नाहीत.

दुकान दारव्ह्याला, बाजाराच्या रस्त्यावर आहे आणि ते माझ्या सासऱ्यांचं. मॅचिंग सेंटर. बायका साडी घेऊन येतात, आम्ही तिच्यावर शोभेल असा ब्लाऊजचा कपडा, अस्तर, फॉल देतो. बघणाऱ्याला वाटतं, यात काय मोठं? ज्याला तसं वाटतं त्यानं लग्नसराईत एक दुपार आमच्या काउंटरमागे काढावी. प्रत्येक बाईबरोबर एक साडी आणि एक नणंद असते, आणि नणंदेचं मत नेहमी वेगळं असतं.

मी उमरखेडची. सून होऊन आले तेव्हा यवतमाळात केलेल्या डिझायनिंगच्या कोर्सचं सर्टिफिकेट आणि पुठ्ठ्याचं एक रंगचक्र माझ्या सामानात होतं. कुठला रंग कुठल्या रंगासमोर उठून दिसतो, कुठला कुणाच्या शेजारी बसून विझतो, ते सगळं त्या चक्रावर होतं. मी मोठ्या हौसेनं ते गादीच्या वर खिळा ठोकून लावलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ते एकदा बघून पुन्हा थान उलगडायला लागले. पुढच्या आठवड्यात बघते तर चक्र माठावर झाकण म्हणून बसलेलं. विचारलं तर म्हणाले, गोल होतं, बरोबर बसलं. त्या दिवसापासून आमची जी जुंपली ती जुंपलीच. नवऱ्याकडे दाद मागायची सोय नव्हती. तो विजेच्या ऑफिसात नोकरीला, आणि त्याच्या लेखी कपड्याचे रंग दोनच, मळलेला आणि धुतलेला.

मामाजींचा स्वतःचा नियम होता आणि खरं सांगायचं तर तो माझ्या चक्रापेक्षा वेगळा नव्हता. साडी भडक तर ब्लाऊज इंग्लिश, साडी इंग्लिश तर ब्लाऊजला थोडी मोकळीक. एका घरात दोघंही ओरडायला लागले तर शेजाऱ्यांनी ऐकायचं कुणाचं, असं ते म्हणत. आमच्या घरात ओरडायचं काम ते करत आणि ऐकायचं काम सासूबाई. सासूबाईंसाठी मात्र नियमाला मोकळीकही नव्हती. दुकानदाराच्या बायकोनं दुकानाची पाटी होऊन फिरू नये, असं मामाजींचं मत. त्यामुळे साडीही राख आणि ब्लाऊजही राख. लग्नाच्या अल्बमात तेवढ्या त्या लाल दिसतात.

गिऱ्हाइकाला विचारायची त्यांना सवय नव्हती. बाई साडी काउंटरवर ठेवायची. मामाजी एकदा साडीकडे बघत, एकदा तिच्या चेहऱ्याकडे, मग वळून फळीवरून एक थान ओढत आणि समोर टाकत. झालं. एखादीनं दुसरं दाखवा म्हटलं तर दाखवतो म्हणत आणि तेच थान जरा सरकवून ठेवत. मला याचा भयंकर राग यायचा. बायकांना अजिबात यायचा नाही. भाजी काय करायची इथपासून पोरीला स्थळ कोणतं बघायचं इथपर्यंत सगळ्याचा विचार त्यांनाच करावा लागतो, एका गोष्टीचा दुसऱ्या कुणी केला तर त्यांना बरंच वाटत असावं. "बाबाजीची नजर हाये," असं म्हणून त्या कपडा पिशवीत टाकायच्या.

त्या नजरेवरून आमची जेव्हा जेव्हा खडाजंगी व्हायची तेव्हा मामाजी एकच वाक्य काढायचे. "ज्या दिवशी माह्या हातून रंग चुकंल त्या दिवशी मी गादीवरून उतरतो अन् कैची तुह्या हाती देतो." मी म्हणायचे, बघू. पण हे म्हणतानाच मनात यायचं, हा माणूस गादीवरून उतरला तर जाणार कुठे? त्यांना शेती नाही, पत्ते येत नाहीत, टीव्हीसमोर बसले की झोपतात. देवळात गेले तरी देवीच्या साडीकडे बघून पुजाऱ्याला सल्ला देतात. त्यांचं सगळं असणं त्या गादीवर होतं.

मग केव्हातरी मिलवाल्यांनी रंगात पाणी घालायला सुरुवात केली. म्हणजे असं मामाजींचं म्हणणं. पूर्वी पोपटी कसा पोपटासारखा असायचा, आता बघावं तर वाळका पाला. राणीत जीव नाही. हळदीत हळद कमी अन् भेसळ जास्त. ट्यूबलाईटही पूर्वीसारख्या येत नाहीत. त्यांनी ट्यूब बदलल्या, मग अमरावतीच्या व्यापाऱ्याला फोन करून खडसावलं, की फिका माल पाठवू नका. तो बिचारा होता नव्हता तेवढा भडक माल पाठवायला लागला. तो आला की मामाजी थान उन्हात नेऊन, डोळ्याजवळ धरून बघायचे आणि म्हणायचे, ठीक आहे, इंग्लिशमध्ये चालंल.

मी डोक्याला हात लावला. मोरपंखी इंग्लिशच्या फळीवर, राणी विटकरीच्या शेजारी. दुपारी ते जेवायला गेले की मी थानं परत जागेवर लावायचे. ते जेवून आले की पुन्हा हलवायचे. मी सरळ तोंडावर सांगितलं, मामाजी, हा भडक आहे. ते म्हणाले, उमरखेडले ऊन जास्त, तिकडच्या लोकायचे डोळे दिपलेले राह्यतात.

आणि मग दारव्ह्याचा रंग पालटला. बायका राखेच्या साडीवर पोपटी ब्लाऊज घालून लग्नाला जायला लागल्या. बिस्किटी साडीवर गाजरी. मातकट साडीवर असा मोरपंखी की बाई गल्लीच्या टोकाला दिसायच्या आधी तिच्या बाह्या दिसाव्यात. शाळेतल्या एक बाई, ज्यांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही, त्या हळदी ब्लाऊज घालून शाळेत गेल्या आणि पोरं म्हणे त्या दिवशी आपोआप गप्प बसली. एकीनंही कपडा परत आणला नाही. घरी गेल्यावर आरशात काय दिसलं असेल ते असो, पण बाबाजींनी दिलं म्हणजे ते बरोबरच, आपल्यालाच रंगातलं कळत नाही, असं प्रत्येकीनं स्वतःला समजावलं. मग शेजारणीनं बघितलं आणि तिनंही तसंच मागितलं. सगळ्या गावानं स्वतःच्या दोन डोळ्यांपेक्षा एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर जास्त विश्वास ठेवला.

घरातही तेच झालं. मामाजींनी सासूबाईंना विटकरी म्हणून ब्लाऊजपीस दिला तो चक्क राणी होता. मी म्हटलं, आई, हा राणी आहे. त्यांनी तो कपडा हातात धरला, त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, यांनी दिला ना, मग इंग्लिशच असंल. त्याच दिवशी शिवायला टाकला. पुढे पोपटी आला, हळदी आला, सगळे त्यांनी निमूटपणे शिवून घेतले आणि राखेच्या साड्यांवर घातले. मी मनात म्हटलं, काय ही पतिव्रता बाई.

मोतीबिंदू सापडला तो योगायोगानं. आमच्या शेजारी लेडीज टेलरचं दुकान आहे. तिथले मास्टर मामाजींच्याच वयाचे, आणि दोघांची मैत्री माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा मास्टरना एकट्यानं जायला भीती वाटत होती म्हणून मामाजी सोबतीला गेले. डॉक्टरांनी मास्टरना तपासून सोडून दिलं आणि सोबतीला आलेल्याला धरलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. म्हणे इतकी वर्षं हे कपड्याचं दुकान चालवतात कसे? आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं, डावा नंतर, असं ठरलं.

यवतमाळला ऑपरेशन झालं. मामाजी काळा चष्मा लावून घरी आले आणि पलंगावर राजासारखे बसले. त्याच दुपारी सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं. पत्र्याची पेटी उघडली होती आणि त्या राणी, पोपटी, हळदी ब्लाऊजांच्या घड्या करून तळाशी ठेवत होत्या.

"त्यायनं हे पाह्यलं तं गादीवरून उतरतीन," त्या म्हणाल्या. "तू काही बोलू नको."

मी कशाला बोलते? मीही घड्या घातल्या, वरून एक जुनी गोधडी टाकली, कुलूप लावलं. सासूबाई पुन्हा राखेवर राख नेसून चहा घेऊन बाहेर गेल्या. घरातला प्रश्न सुटला. पण दारव्हा काही पेटीत मावत नव्हता.

दुकानात परत आल्यावर पहिल्या दिवशी मामाजींनी काळ्या चष्म्याच्या वरून फळ्या बघितल्या आणि कडाडले. भडक आणि इंग्लिश असा काला कुणी केला? मी म्हटलं, मी केला. हे त्यांना ताबडतोब पटलं. माझ्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. त्यांनी दिवसभर बसून सगळी थानं नव्यानं लावून घेतली आणि प्रत्येक थान हातात घेताना खुशीत येऊन म्हणत होते, मिलवाले सुधारले बघा, रंगात जीव आला. त्यांना इतकं आनंदी मी क्वचितच बघितलं होतं. मला भीती वाटत होती ती बाजाराच्या दिवसाची.

तो दिवस आलाच. जीपगाड्या भरभरून खेड्यावरच्या बायका उतरल्या. मामाजी गादीवर बसून रस्त्याकडे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, ही कोणती फॅशन निघाली? साडी मेलेली अन् ब्लाऊज कोकलते. मी म्हटलं, टीव्हीवरून आली असेल. ते म्हणाले, कोण्या येड्या दुकानदारानं पसरवली कोणास ठाऊक. मी खाली बघून अस्तर मोजत राहिले. मोजलेलं अस्तरच पुन्हा मोजलं.

तेवढ्यात दिग्रसच्या बाजूची एक बाई लेकीला घेऊन दुकानात आली. मातीच्या रंगाची साडी आणि अंगात लखलखीत पोपटी ब्लाऊज. ती मामाजींना बघून खूश झाली. "बाबाजी, मागच्या खेपेला तुम्ही मले हा दिलता. आता माह्या पोरीलेही असाच द्या. साऱ्या गावातल्या इचारून राह्यल्या, कुठून आणला म्हणून."

"हा मी दिला?"

"तुम्हीच तं दिला."

"मी मेंदी दिली असंल."

बाईनं मान वाकवून स्वतःच्या बाहीकडे बघितलं. "हा मेंदी हाये काय?" तिनं अगदी भाबडेपणानं विचारलं.

मामाजींनी चष्मा काढला. डावा डोळा मिटून तिच्या ब्लाऊजकडे बघितलं. मग उजवा मिटून बघितलं. मग पुन्हा डावा. बाई गोंधळली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे बघायला लागली. दारव्ह्याच्या बाजारात एवढ्या वयाचा माणूस भर दुकानात आपल्याला डोळा मारतोय, आणि एक नाही, आलटून पालटून दोन्ही, तेव्हा बाईनं करावं काय? मी घाईनं म्हटलं, ऑपरेशन झालंय त्यांचं, औषध घातलंय. ती हसली, पण पोरीला तिनं मागे ओढलं.

मला मात्र हसू येईना. नव्या डोळ्यानं तो पोपटी होता आणि जुन्या डोळ्यानं मेंदी. मामाजींनी तेच शेजारच्या बाईच्या हळदीवर करून बघितलं, मग रस्त्यावरच्या राणीवर, मग बस स्टँडकडे निघालेल्या एका गाजरीवर. सगळा बाजार त्यांनी एकदा या डोळ्यानं आणि एकदा त्या डोळ्यानं बघितला. मग गादीवरून खाली उतरले, पायात चपला घातल्या आणि कैची माझ्या हातात ठेवली. "हिले पायजे ते दे," एवढं म्हणून घरी निघून गेले.

मी शब्द पाळणाऱ्या माणसांना आधीपासूनच थोडी घाबरते. मामाजींनी तो पाळला. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. घरी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली तर म्हणाले, एका डोळ्यानं एवढं दिसलं, दुसरा उघडून अजून काय पाहू? नवरा समजवायला गेला. त्यानं म्हटलं, बाबा, एवढं काय, रंगच तर आहे. त्यानंतर मामाजी त्याच्याशीही बोलेनात.

मास्टर मात्र दुपारची नमाज आटोपून रोज यायचे. त्यांनी एक दिवस मामाजींना हसवायचा प्रयत्न केला. म्हणाले, सेठ, तुमच्या ब्लाऊजांनी माझी मशीन चालली. पूर्वी बायका साधा गळा सांगायच्या. आता कपडाच असा असतो की त्याला मागून खिडकी, दोरी, लटकन लावल्याशिवाय त्यांचं मन भरत नाही. मामाजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मास्टर, तुले दिसत होतं ना?"

"दिखता था."

"मंग बोलला काहून नाही?"

मास्टरनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "मुझे लगा, आपको हमसे जास्त दिखता है."

यावर मामाजी जे भडकले ते संध्याकाळपर्यंत. सारं गाव मला हसत होतं आणि एकानंही सांगितलं नाही, असं म्हणायला लागले. मी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, की मी सांगत होते, रोज सांगत होते. ते म्हणाले, तू तं पहिल्या दिवसापासून माह्या विरोधात हाये, तुह्यं कोण ऐकते? म्हणजे खरं बोलूनही मी फुकटच गेले.

इकडे गादीवर मी होते. ज्या जागेसाठी इतकी वर्षं भांडले ती जागा मिळाली होती आणि तिथं बसवत नव्हतं. मी माठावरचं चक्र काढून पुसलं, पुन्हा गादीच्या वर खिळ्याला लावलं. प्रत्येक साडीला असा मापात कपडा द्यायचे की कुणी बोट ठेवू नये. तरी बायका दारातूनच विचारायच्या, बाबाजी नाही काय? एक बाई तर दिलेला कपडा शिवून, घालून, मुद्दाम दाखवायला आली. म्हणाली, "बराबर हाये वो ताई, पण ब्लाऊज घातलं का नाही घातलं, थेच समजत नाही." मी कोर्समध्ये शिकले ते सगळं मनातल्या मनात आठवलं आणि त्यात याला उत्तर सापडलं नाही. मला मामाजींची आठवण यायला लागली. माणूस घरात, भिंतीकडे तोंड करून बसलेला, आणि मला त्याची आठवण यायची.

सासूबाईंच्या भावाच्या मुलीचं लग्न पुसदला ठरलं. त्यांच्याकडे एक नवी साडी पडून होती, अर्थातच राखेच्या रंगाची, आणि तिच्यावर ब्लाऊज नव्हता. उन्हाची वेळ होती, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, आणि बघते तर दोघं दुकानाच्या पायरीशी उभे. मामाजी आत आले आणि गादीकडे न जाता गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. सासूबाई त्यांच्या शेजारी. मामाजींनी पिशवीतून साडी काढून काउंटरवर ठेवली. नेहमी दुसऱ्यांच्या साड्या ज्या जागी ठेवलेल्या त्यांनी बघितल्या, तिथंच.

"हिच्यावर काय चांगलं दिसंल ते दे."

मी म्हटलं, तुम्हीच काढा ना.

"मी गिऱ्हाईक हाये आता," ते म्हणाले.

 मी पाठ फिरवली ती कपडा शोधायला नाही, डोळे पुसायला. एवढा भांडकुदळ माणूस असा बाकाच्या कडेला हात जोडल्यासारखा बसलेला मला बघवेना. मी घाईघाईनं एक थान ओढलं. साडीपेक्षा एक छटा गडद, करडा, घरंदाज. चक्राप्रमाणे चूक काढायला जागा नव्हती. समोर टाकलं. मामाजींनी मान हलवली, बरोबर म्हणाले.

 सासूबाईंनी त्या करड्याकडे बघितलं आणि हात पदराखाली घेतले. मी गादीवर बसून एवढे चेहरे बघितले होते, हा कोणता ते मला लगेच कळलं. दुसरं दाखवा म्हणायचं असतं पण म्हणवत नसतं, तो हा चेहरा. मामाजीही तिकडेच बघत होते.  मग म्हणाले, "तुले कोणता पायजे?"

हे वाक्य त्या दुकानात त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. सासूबाईंनीही नसावं, कारण त्यांनी मागे वळून बघितलं, की दारात दुसरी कुणी बाई आली आहे काय. कुणी नव्हतं. मग त्यांनी पदराखालून हात काढला आणि सगळ्यात वरच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथं झेंडू होता. नुकता आलेला, ताजा, ज्याच्याकडे दुपारच्या वेळी मलाही नीट बघवत नव्हतं.

"अवं, थो तं लय भडक हाये."

"मले दिसून राह्यलं भडक हाये म्हणून," सासूबाई म्हणाल्या. आणि मग इतक्या शांतपणे बोलायला लागल्या, की जणू भाजीचा भाव सांगत होत्या. "लगन झालं तवापासून तुम्ही मले राख अन् माती नेसवली. दुकानदाराची बायको म्हणून. मीही म्हटलं, असंल. मंग तुमचे डोळे गेले अन् माह्या अंगावर रंग आला. राणी आला, पोपटी आला. मले का समजत नव्हतं? सूनबाईनं तं सांगतलंही. पण मी बोलली असती तं पुन्हा राखच आली असती ना."

 जिला इतकी वर्षं मी पतिव्रता समजत होते ती बाई चोरून मजा करत होती. पेटीला कुलूप लावलं ते नवऱ्याची गादी वाचावी म्हणून होतं हे खरं, पण नवऱ्याला दिसायला लागल्यावर ते रंग पुन्हा हातातून जाऊ नयेत म्हणूनही होतं.

 मामाजींना काहीतरी सुचलं आणि त्यांनी मान तिरकी केली. "म्हणूनच का मले कधी डॉक्टरकडं जा म्हटलं नाही?"

सासूबाईंनी खाली बघितलं. "म्हणनारच होती," त्या म्हणाल्या. "एक मोरपंखी शिवायचा राह्यला होता."

मामाजी हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग इतके की शेजारून मास्टरची मशीन थांबली. ऑपरेशनचा डोळा पाण्यानं भरला, दुसराही भरला, आणि त्यात हसू किती आणि दुसरं काय होतं ते त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही. पदराचं टोक सासूबाईंनीच पुढे केलं. डोळे पुसून झाल्यावर ते म्हणाले, "मंग डावा डोळा राहू देऊ तसाच?"

"कायले?" सासूबाई म्हणाल्या. "घ्या करून ऑपरेशन. फक्त इचारत जा."

मी झेंडू काढायला हात वर केला, तो वरच्या फळीपर्यंत पोचेना. स्टूल आणायला वळले तर मामाजी उठून काउंटरच्या आत आले होते. चपला काढून गादीवर चढले, टाचा उंचावून थान ओढलं, सपकन उलगडलं आणि मीटरपट्टी लावली. मागे न बघता माझ्याकडे हात केला. मी कैची दिली. त्यांनी कपडा कापला, घडी घातली आणि बायकोच्या हातात दिला. सासूबाईंनी तो पिशवीत न ठेवता तसाच छातीशी धरला.

तेवढ्यात एक बाई साडी घेऊन आली. मामाजी गादीवरून उतरले नाहीत, मीही त्यांना शब्दाची आठवण करून दिली नाही. त्यांनी साडीकडे बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, सवयीनं फळीकडे वळले, एका थानावर हात ठेवला आणि थांबले. मग हात तसाच ठेवून मान मागे वळवली आणि तिला विचारलं, बाई, तुले कोणता पायजे?  तुम्हीच द्या ना बाबाजी, ती म्हणाली. नाही, तू सांग, ते म्हणाले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बाकावर बसली, सासूबाई जरा सरकल्या, आणि मामाजी उभ्यानं वाट बघत राहिले.